उसवलेलं राजधानी विद्यापीठ

बेंगळुरूच्या चामराजपेटेत आमच्या घरासमोरच खंडोजीअण्णांचं शिवणकामाचं दुकान. पाटीवर त्यांच्या नावाहून मोठ्या अक्षरांत ‘राजधानी विद्यापीठाचे शिंपी’. पदवीदानाच्या गाऊनवरचे सॅटीनचे पट्टे बावीस वर्षं हेच शिवतात, त्यावर विद्यापीठाचं नावही हेच भरतात. स्वतः नववी नापास, पण बोलताना "आमच्या विद्यापीठात" असंच म्हणणार. गल्लीत आम्ही त्यांना कुलगुरू म्हणतो, तेही तोंडावर.

त्यांच्या मुलीला, भूमिकाला, एका खासगी कॉलेजात हवा तो विषय मिळत होता. अण्णांनी हट्टाने सरकारी विद्यापीठात घातली. "विषय काय, कुठेही मिळतो. असं नाव मिळतं का?"

पोरीचं शेवटचं वर्ष आलं आणि सरकारने विद्यापीठाची वाटणी केली. आमच्या वाट्याला आलं ‘बेंगळुरू पश्चिम विभाग विद्यापीठ’.

"अण्णा," मी म्हटलं, "इथे वीजबिल भरून घेतात का हो?"

"तोंड शिवून टाकीन तुझं!"

तीनशे पट्टे भरून तयार होते. निरोप आला, सगळे उसवा, नवं नाव घाला. अण्णा आठ दिवस उसवत होते आणि कन्नडमधून शिव्या घालत होते. घरच्या देवांना मराठी कळतं ना! एकच पट्टा त्यांनी बाजूला ठेवला, भूमिकाचा.

"हा राजधानीचाच राहील."

"प्रमाणपत्रावर एक नाव, खांद्यावर दुसरं? स्टेजवर चढू देतील का अण्णा? नावापायी माझा विषय घालवलात, आता पदवी तरी घेऊ द्या!"

तिने कात्री ओढली आणि रागारागाने स्वतःच उसवला. नवं नाव एवढं लांब, की जुन्या जागेत मावेना. मग अण्णांनी मुकाट्याने ते खाली दोन ओळींत भरून दिलं. त्या दिवशी मीसुद्धा गप्प बसलो. आमच्या हिचा अजून विश्वास बसत नाही.

भूमिका समारंभाहून आली ती पट्टा घालूनच पेढे वाटायला लागली. तिच्या आत्याने, सोयराबाईंनी, तो बोट लावून वाचला.

"पश्चिम विभाग? हे कुठलं गं? बरं असतं ना?"

भूमिकाने पट्टा ट्यूबलाइटसमोर धरला. सुईच्या भोकांतून ‘राजधानी विद्यापीठ’ लख्ख वाचता येत होतं.

"अस्सं सांग की मग!" म्हणत आत्याबाईंनी आणखी दोन पेढे उचलले.

मला वाटलं, आता तरी अण्णा खुलतील.

"बावीस वर्षांत," ते दातओठ खात म्हणाले, "माझ्या कामात कुणाला भोकं दिसली नव्हती."