मेहुण्याशेजारची सीट

मंडीदीपच्या कारखान्यात माझा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, आणि मी एकाच पाळीला होतो. कंपनीची बस सकाळी जवाहर चौकातून निघायची. तो पुढे बसून किस्से सांगायचा आणि सगळी बस हसायची. कुणाला रक्त लागलं, तर द्यायला हाच पहिला.

माझी धाकटी बहीण प्लास्टर घातलेला हात घेऊन माहेरी आली, तेव्हा म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. आईने तिची वेणी घालायला केस वर घेतले, तर मानेवर बोटांचे वळ. मग तिने सगळं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून हे चाललं होतं.

मी चपला घालून निघालो, त्याचाही हात तसाच मोडायला. तिनेच अडवलं. मार खाल्ला तर तो लोकांत बिचारा ठरेल, म्हणाली.

"बसमध्ये सांग," ती म्हणाली. "त्याचं नाव घेऊन सांग. माझंही घे."

दुसऱ्या दिवशी बस शहराबाहेर पडल्यावर मी उभा राहिलो. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीतच बोललो. हात कसा पिरगळला, दवाखान्यात तिला काय खोटं बोलायला लावलं, काही ठेवलं नाही. तो हसून म्हणाला, घरातलं भांडण आहे. कुणीच हसलं नाही. त्याच्या शेजारी रोज निवृत्तीला आलेले एक फिटर बसायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते पिशवी उचलून मागे आले आणि मंडीदीपपर्यंत उभेच राहिले.

त्यानंतर त्याच्या शेजारी कुणी बसेना. कॅन्टीनमध्ये तो ताट घेऊन आला, की टेबलावरची माणसं उठायची. मी मुद्दाम समोर बसायचो, त्याच्या घशाखाली घास कसा उतरतो ते बघायला. घरी बहीण विचारायची, आज काय झालं? मी बारीकसारीक सांगायचो. ती ऐकता ऐकता पोटभर जेवायची.

एकदा त्याने मला गेटवर गाठलं.

"दादा, खूप झालं आता. बसमधल्यांना सांगा ना."

"तिचं हाड अजून जुळायचंय," मी म्हणालो.

ती पोलिसात तक्रार द्यायला गेली, तेव्हा काका आणि बसमधले आणखी दोघे सोबत आले. केस चालू आहे. त्याने नोकरी सोडली, इंदूरला दुसरी धरली. काका हल्ली शेजारच्या घरात मारहाणीचा आवाज आला, की सरळ जाऊन दार वाजवतात. मला त्यांचं कौतुक वाटतं, पण तेवढ्याने माझा राग निवलेला नाही.

इंदूरला आमचे नातेवाईक पुष्कळ आहेत. मी एकेकाला फोन लावतो आहे.