पडलेली विमानं

कवळीवाल्यांचा हात म्हणजे हात होता. दातांचे डॉक्टर नुसता साचा पाठवायचे आणि हे त्यावरून अशी कवळी घडवायचे, की तिसऱ्या दिवशी घालणारा ती तोंडात आहे हेच विसरायचा. एकतीस वर्षं हेच काम. आणि रविवारी विरंगुळा म्हणून विमानं. खोक्यातले प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि काचेच्या कपाटात मांडायचे.

गेल्या वर्षापासून मात्र विमानं बिघडायला लागली. पहिल्यांदा वैमानिकासमोरच्या काचेवर गोंदाचा अंगठा उमटला. मग पंख तिरके बसले, रंगाचे पट्टे फराटले. कवळीवाल्यांनी आधी गोंदाला शिव्या घातल्या, मग चष्म्याला, मग खोकी बनवणाऱ्या कंपनीला. नाचता येईना, अंगण वाकडं! उजवा हात थरथरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते कबूल केलं, तर सोमवारी कामाला कुठल्या तोंडाने बसायचं?

बिघडलेलं विमान टाकवेना. मग त्यांनी शक्कल लढवली. फळीवर भुसा रंगवून शेत केलं आणि तिरक्या पंखाचं विमान त्यात नाक खुपसून ठेवलं. पडलेल्या विमानाचा पंख वाकडाच असतो, काच धुरकटच असते. कोण नावं ठेवणार? दुसरं झाडात अडकवलं, तिसरं अर्धं नदीत बुडवलं.

बायको कपाट पुसताना म्हणाली, "अहो, यातलं एकही उडत नाही का आता?"

"हल्ली अशीच करतात."

"पडलो तरी नाक वर! विमानांचं तरी खाली आहे बिचाऱ्यांचं."

दोघं हसले. पण पुढच्या रविवारी नवं खोकं उघडायच्या आधीच त्यांनी चिखलाचा रंग कालवायला घेतला, आणि मग स्वतःच चरकले. ते खोकं तसंच राहिलं.

बुधवारी एक कवळी परत आली. दुसऱ्यांदा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: 'आजींना अजून जेवता येत नाही. तुमची तब्येत बरी आहे ना?'

दोन दाढा केसभर उंच राहिल्या होत्या. पाच मिनिटांचं घासकाम. कवळीवाल्यांनी कानस टेकवली, ती सटकली आणि गुलाबी हिरडीवर ओरखडा उठला. आता ही कुठल्या शेतात पाडायची? तिकडे एक म्हातारी रिकाम्या तोंडाने वाट बघत बसली होती. त्यांना रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"जरा इकडे ये गं," त्यांनी हाक मारली. "माझं मनगट धर."

बायकोने हातातलं काम ठेवलं. पदराला हात पुसले, शेजारी बसली आणि दोन्ही हातांनी मनगट धरलं. त्यांनी पुन्हा कानस दाढेवर आणली.

"घट्ट धर."

"धरलंय."

"अजून घट्ट."

"धरलंय हो," ती म्हणाली, आणि त्यांच्या हाताबरोबर तिचेही दोन्ही हात हलत राहिले.