पलीकडच्या माळ्याची बत्ती

माझ्या दाजींना दुसऱ्या कुणी वेडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी स्वतः मात्र दिवसातून दोनदा म्हणते. तेवढा हक्क आहे माझा. सगुणाताई माझी सख्खी मोठी बहीण, ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून दाजी निडीला एकटेच असतात. पाळण्यातलं नाव जनार्दन, पण गाव त्यांना जनूच म्हणतो. मी रोह्याला बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान चालवते. आमचे हे होते तोवर ते बसायचे, आता मी बसते. निडी आणि रोहा म्हणजे एका स्टेशनाचं अंतर, त्यामुळे आम्ही एकमेकांची खबर ठेवतो. म्हणजे मी बोलते आणि दाजी ऐकतात.

दाजींनी नागोठण्याकडच्या कंपनीत कंत्राटी वायरमन म्हणून अठ्ठावीस वर्षं शिफ्ट केली. रिटायर झाल्यावर माणसानं देवळात जावं, नातवंडांत रमावं. यांनी जुने सर्चलाइट धरले. वीसेक वर्षांपूर्वी शेताच्या राखणीला लोकांनी घेतले होते ना, हातात धरायचे ते मोठ्या तोंडाचे हॅलोजन, तेच. आत कपाळमोक्ष होईल एवढी जड बॅटरी, आणि उजेड जेमतेम वीस मिनिटं. काच अशी तापायची की बोट लावलं की फोड. आता ते बल्ब मिळत नाहीत, बॅटऱ्या फुगून बसल्यात. लोक भंगारात देतात आणि दाजी भंगारवाल्याकडून उचलून आणतात.

त्यातला बल्ब काढायचा, तिथे एलईडीची चीप बसवायची, जड बॅटरीच्या जागी लिथियमचे तीन सेल. ऐकायला सोपं आहे. मी पण म्हटलं होतं, त्यात काय एवढं? पहिला सर्चलाइट त्यांनी शाळेच्या भिंतीवर मारून दाखवला तर उजेडाचं नुसतं कडं, आणि मधे हे एवढं काळं भोक. आठ दिवस भांडत होते त्या भोकाशी. शेवटी त्यांना उमगलं, जुन्या बल्बची तार जिथे जळायची नेमक्या त्याच जागी चीप यायला हवी, सुताएवढी पुढे नाही की मागे नाही. मग खिडकीच्या ॲल्युमिनियमचा तुकडा कापून त्यावर चीप चिकटवली, म्हणजे ती तापून जळत पण नाही. आता त्यांचा सर्चलाइट रात्रभर चालतो. पेणच्या खारेपाटातले लोक उधाणाच्या दिवसांत खाडीच्या बांधावर फिरायला म्हणून त्यांच्याकडून करून नेतात. चीप, सेल, वायर सगळं माझ्या दुकानातून जातं.

पण मला सांगायचंय ते काशीबाईचं.

आमच्याकडे भात कापलं की त्याच वावरात वाल पेरतात. वाल रुजला की रानडुकरं उतरतात. म्हणून चार मेढी रोवून त्यावर माळा बांधायचा, वर पेंढा शाकारायचा, वाऱ्याला गोणपाटाचा आडोसा करायचा आणि राखणीला झोपायचं. पूर्वी निडीच्या त्या पट्ट्यात आठ-नऊ माळे असायचे. बॅटरी वीस मिनिटांची, म्हणून कुणी ती जाळत बसायचा नाही. जेवण झालं की एकदा शेजारच्या माळ्यावर उजेड मारायचा, म्हणजे मी आहे. तिकडून उलटा उजेड आला की तोही आहे. मधे जाग आली की पुन्हा एकदा. उलट उजेड आला नाही की हाक मारायची, हाकेला ओ आली नाही की उठून जायचं. शेजारच्या माळ्यावरच्या हरेशला फुरसं चावलं तेव्हा असाच वाचला तो. त्याची बत्ती आली नाही म्हणून दाजी आणि काशीबाईचा नवरा पुंडलिक, दोघं धावत गेले होते.

मग कुणी जमीन विकली, कुणी विजेच्या झटक्याचं कुंपण घातलं, पोरं कंपनीत लागली. माळे मोडत गेले. पुंडलिकही गेले. शेवटी दोनच राहिले. ओहोळाच्या अलीकडे दाजी, पलीकडे काशीबाई. तिचा मुलगा हर्षद खारघरला असतो. ती म्हणायची, फ्लॅटमध्ये मला पाय पसरायला भीती वाटते. दाजींपेक्षा वर्षभराने लहान असेल. दाजी तिला वयनी म्हणतात.

ताई गेल्यावर दाजी दिवस कसाबसा ढकलत. मुलगी प्रणिता उलव्याला, तिचा फोन रविवारी. मी जायचे तेव्हा चुलीवर एकच भांडं असायचं. पण नोव्हेंबर लागला, माळा बांधला की माणूस बदलायचा. दाढी करायचा. मी एकदा विचारलं, एवढं काय आहे त्या माळ्यावर? म्हणाले, "कोणतरी इचारतंय ना रातचा, हाय का म्हणून. आणि मी सांगतो, हाय." एवढंच. त्या एका बत्तीवर माझे दाजी जगत होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तरी मी काय केलं ते ऐका. बाजारात एक बाई हसत हसत म्हणाली, तुमचे दाजी आणि ती काशीबाई रात्रभर बत्त्या मारतात म्हणे एकमेकांना. मी तिला तिथल्या तिथे झाडली. पण घरी आले आणि मलाच झोप येईना. माझ्या ताईची जागा अशी भरून निघते की काय, असं मनात आलं. आलं तर आलं, खोटं कशाला बोलू. साठी उलटलेली दोन माणसं, मधे अख्खा ओहोळ, आणि मी इथे जळतेय.

त्याच आठवड्यात दाजी दुकानात आले. काशीबाईचा हात थरथरतो, सर्चलाइट उचलवत नाही, परवा तिचा डोळा लागला आणि डुकरांनी वालाचा कोपरा साफ केला, म्हणून हलका सर्चलाइट करून द्यायचा होता. मी खणातून टायमरचं सर्किट काढून समोर ठेवलं. म्हटलं, "हे लावा. मेढीला बांधून टाका. दर अर्ध्या तासानं आपोआप पेटेल, दोनदा उजेड मारेल, विझेल. डुकरं बुजतील आणि ती बिचारी झोपेल. तुम्हीपण झोपा."

दाजींनी ते सर्किट हातात घेऊन उलटंपालटं केलं. "मंग ती नाय मारणार बत्ती?"

"मशीन मारेल ना."

दाजी ते खिशात घालून गेले. नवी वस्तू दिसली की जोडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, हे मला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी मी निडीला गेले तर डोळे लाल. म्हटलं, आता तर झोपायला हवं तुम्ही. तर म्हणाले, तिकडची बत्ती लागली की इकडून मी मारतो. दर अर्ध्या तासाला. मी कपाळाला हात लावला. "अहो दाजी, ते मशीन आहे. तुम्हीच जोडलंय. मशीनला काय उत्तर देता?"

"मशीन हाय, पन त्याच्या बाजूला मानूस झोपलंय ना," म्हणाले.

यावर मी हसले. खूप हसले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नऊच्या सुमाराला काशीबाई माळ्यावरून खाली उतरत होती आणि शिडीची पायरी मोडली. खुब्याचं हाड गेलं. मोबाइल वर गोधडीत राहिला. वारा उलटा होता, हाक ओहोळापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. सकाळी सहाला गावातला निकेश दुधाचे कॅन घेऊन त्या वाटेने निघाला म्हणून सापडली. दवात भिजून लाकूड झाली होती. रोह्याहून तिला पुढे नेलं, ऑपरेशन झालं, हर्षद खारघरला घेऊन गेला.

दाजींना निकेशनेच सांगितलं. मी पोचले तेव्हा ते ओहोळात उभे होते, पोटरीएवढ्या पाण्यात. तिकडे निघाले होते की तिकडून आले होते, मला कळेना. मी हाताला धरून बाहेर काढलं. त्यांनी एकच विचारलं, "बत्ती तर येत व्हती ना गं?"

माळ्यावर तिची बत्ती आली नसती तर दहा मिनिटांत हा माणूस पाणी ओलांडून गेला असता. हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

त्यानंतर त्यांनी हत्यारांना हात लावला नाही. खारेपाटातला माणूस दोनदा येऊन परत गेला. माळ्यावर जाणं बंद. दाढी वाढली. मी जेवण घेऊन जायचे, दुसऱ्या दिवशी तसंच झाकलेलं. महिनाभर हे बघितल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, चला खारघरला, तिच्यासमोर उभे राहा, तिला काय बोलायचं ते बोलू दे, शिव्या घालेल नाहीतर दार लावेल, पण हे असं कुजत बसायचं नाही. दाजी आले.

काशीबाई खिडकीशी कॉटवर होती. सुकली होती, पण आम्हाला बघून केस सारखे केले. सुनेला म्हणाली, "समीक्षा, चा टाक. गावची मानसं आलीत." दाजी दारातच उभे. आत येईनात. शेवटी तिनंच बोलावलं.

"बसा जनूभाऊ. तुमचं लय उपकार हायत माझ्यावर."

मला वाटलं, टोमणा मारतेय. दाजी खाली बघत होते.

"हाड मोडलं, हलता येत नव्हतं," ती मला सांगायला लागली, "काळोख असा की हात दिसंना. म्हटलं, आता कोल्हीकुत्री येतात की काय. तेवढ्यात वर माझी बत्ती लागली, आनि मागोमाग पलीकडून यांची आली. माळ्याच्या पेंढ्यावर पडायचा उजेड. मी खालनं बघायचे. इझला की मनाशी म्हणायचे, अर्धा तास काढ काशे, परत येतील. मोजत व्हते मी. अठरा येळा आला उजेड. एकदा पन चुकला नाय मानूस. त्या सोबतीवर काढली बघ रात, नायतर मेलेच असते."

ती खरंच आभार मानत होती. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. दाजींनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती गोंधळून पाय मागे घ्यायला गेली आणि दुखलं म्हणून कळवळली. चहा आला तो तसाच गार झाला.

परतीच्या गाडीत पेण गेलं आणि मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. बाजारातली ती बाई, माझी झोप उडाली ते, टायमर मी कशासाठी पुढे केला ते. म्हटलं, दोष माझा आहे दाजी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. मला चार शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं.

नागोठणं गेलं.

"तू इकलास," दाजी म्हणाले. "जोडला मी. आनि अठरा येळा तिकडं उजेड मारला पन उठून गेला नाय, तो बी मीच."

निडीला गाडी थांबली. ते उतरले आणि सरळ चालत गेले.