मारुतीच्या वळणावरचा ताप

ताप माणसांना येतो, गुराढोरांना येतो. पण लॅपटॉपला ताप आला म्हणून शाळेत रजा टाकणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ. शिनोलीजवळ राहतो, हायस्कूलात चित्रकला शिकवतो. त्या काळात तो कोणाकडेही गेला की चहा यायच्या आत यजमानांच्या लॅपटॉपला खालून हात लावून बघायचा. "दाजी, तुमचा थंड हाय राव," असं मला म्हणताना त्याच्या आवाजात जो हेवा असायचा, तो एरवी शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागल्यावरच ऐकू येतो.

हे वेड उगीच लागलं नव्हतं. त्याचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तो पाळण्यात होता. गाव आठवत होतं ते त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबा थकायला लागले तसं याच्या मनात आलं, की ते गाव कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उभं करावं आणि गेममधली माणसं हिंडतात तसं आबांना त्यातून हिंडवून आणावं. त्यासाठी भारी ग्राफिक्स कार्डाचा गेमिंग लॅपटॉप आला. आबा शेजारी बसून सांगायचे आणि हा स्क्रीनवर बांधायचा. आबाही काही कमी नव्हते. "उंबराची पानं हलली पायजेत," म्हणाले, याने पानं हलवली. "नदीत डोंगर दिसायचा," म्हणाले, याने पाण्यात डोंगर पाडला. एकेक पान हललं की ग्राफिक्स कार्डाचा पारा चढायचा. नदीवरून निघालेली फेरी मारुतीच्या वळणावर आली, की पंखा गिरणीसारखा ओरडायचा, कोपऱ्यातला आकडा पंचाण्णव अंशांच्या पुढे जायचा आणि स्क्रीन काळी. आबांचं घर त्या वळणाच्या पलीकडे होतं. "परत मारुतीपाशीच मेलं का रं?" आबा विचारायचे आणि चष्मा काढून ठेवायचे.

मग सुरू झाले उपचार. आधी लॅपटॉप बाटल्यांच्या बुचांवर उभा राहिला, मग कुरडया वाळवायच्या जाळीवर. पुढे गोठ्यातल्या गाईचा पंखा काढून त्याच्याकडे वळवला, तेव्हा त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "गाय आटली तर चहात हा लॅपटॉप पिळा." चित्राची प्रत कमी करून पाहा, असं मीही सुचवलं. त्यानं करून पाहिली. पानं थांबली, पाणी गोठलं, घरांचे ठोकळे झाले. आबांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आपलं गाव असं नाय व्हतं." त्याने निमूटपणे सगळी पानं परत हलती केली.

शेवटी त्याला कांदे साठवायची बराखी सापडली. कांदा टिकावा म्हणून तिच्यात चहूबाजूंनी वारा खेळता ठेवलेला असतो. जे कांद्याला मानवतं ते लॅपटॉपला मानवेल, हा त्याचा हिशोब. सगळा उन्हाळा हा माणूस शाळेतून आला की बराखीत, दोन्हीकडे कांद्याचे ढीग, मधे पाटावर लॅपटॉप. पहिले काही दिवस आकडा उतरला, तेव्हा त्याने तो मला फोनवर असा सांगितला जणू घरात मूल झालंय. मग तो पुन्हा चढला, आणि आधीपेक्षाही वर गेला. "एकदा टेंपरेचर खाली येऊ द्या आबा," तो म्हणायचा, "मग थेट घरात नेतो तुमाला."

आबा मात्र हळूहळू दुसरीकडेच निघाले होते. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरले, मग जेवल्याचं विसरले. एकदा माझ्या बायकोला त्यांनी, "बाई, तू कोणाची?" असं विचारलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. हा तेव्हा बराखीतच होता.

पावसाळा संपता संपता आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन मंचरला गेलो. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी तो उलटा करून उघडला आणि चिमट्याने आतून गुलाबी पापुद्रे काढायला सुरुवात केली. वारा आत शिरायच्या सगळ्या वाटा कांद्याच्या सालींनी गच्च बुजल्या होत्या. "सर, भजी तळायची व्हती का ह्यात?" त्या म्हणाल्या. आम्ही हसलो, हाही हसला. त्यांनी पंखे साफ केले, चिपची उष्णता ओढून घेणारी, पण वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि दर सेकंदाला किती चित्रं काढायची यावर मर्यादा घालून दिली. तेवढंच. आकडा सत्तरच्या आसपास येऊन बसला तो हललाच नाही. परतताना हायवेवरच्या गर्दीत गाडी अडकली, तरी हा गाणं गुणगुणत होता.

त्याच संध्याकाळी आबांना समोर बसवलं. नदी आली, उंबर आला, पानं हलली. मारुतीचं वळण आलं तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून होतो. लॅपटॉप बंद पडला नाही. वळणापलीकडे घर दिसलं, उघडं दार, ओट्यावरचं जातं, सगळं आबांनी सांगितलं होतं तसंच. आबा पुढे झुकले. त्यांचा चेहरा उजळला.

"लई झ्याक गाव हाय," ते मुलाकडे वळून म्हणाले. "तुमचं का पावणं?"

हा म्हणाला, "हो. या ना, बसा."

आबा झोपायला आत गेल्यावर आम्ही अंगणात उभे राहिलो. तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होता. "दाजी," म्हणाला, "वरीसभर आबा शेजारी बसून सांगत व्हते. कागद घेतला असता तर तासाभरात घर काढून दाखवलं असतं मी त्यांना. मी ड्रॉइंगचा मास्तर हाय वो." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अजूनही संध्याकाळी तो आबांना लॅपटॉपपुढे बसवतो. आकड्याकडे आता तो बघत नाही. कुठल्या घरात कोण राहायचं, नदीला पाणी किती असायचं, उंबराखाली कोण बसायचं, हे आबांनीच सांगितलेलं सगळं तो सावकाश त्यांना सांगत जातो. आबा पाहुण्यासारखे अदबीने ऐकतात, मधूनच "असं व्हय?" म्हणतात, आणि घर आलं की थोडा वेळ थांबायला सांगतात.