अर्ध्या सुरानं वर

फ्रानेकर गावच्या कालव्यावरचा पूल बोट आली की वर उचलायचा आणि बोट गेली की खाली टेकवायचा, या कामात गोस्से मीडेमाची पस्तीस वर्षं गेली. एक बोट गेल्यावर दुसरी येईपर्यंत माणसानं करायचं काय? बाकीचे पूलवाले मासे धरतात, शब्दकोडी सोडवतात. गोस्सेनं केबिनमध्ये गांबा आणून ठेवली. गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं हे सात तारांचं वाद्य जगानं कधीच निवृत्त करून टाकलेलं. तारा मेंढीच्या आतड्याच्या. गल्लीतली मांजरं केबिनभोवती घुटमळायची. ती संगीतासाठी येत होती, असं गोस्सेचं अजूनही ठाम मत आहे.

गावात जुन्या वाद्यांची एक मंडळी आहे. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या रविवारी दुपारी मोठ्या चर्चमध्ये येशूच्या यातनांचं तीन तासांचं संगीत होतं आणि सगळं गाव खिशात पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन ऐकायला बसतं. त्यात गांबाला काम किती, तर एक गाणं. दोन तास हात मांडीवर ठेवून बसायचं आणि मग साडेसहा मिनिटं वाजवायचं.

"याला पूलवालाच हवा," रेन्स्के म्हणते. "दुसरा कोणी झोपला असता."

रेन्स्के म्हणजे गोस्सेची शेजारीण. दोघांच्या घरांत एक भिंत सामायिक आणि भांडणही सामायिक. दातांच्या दवाखान्यात लोकांना बाकावर ताटकळत ठेवण्यात तिचा जन्म गेला. मंडळीत ती ऑर्गन वाजवते, कपाटाएवढा छोटा ऑर्गन, आणि तिची जागा गोस्सेच्या डाव्या कानाशी.

गोस्सेला दोन वेडं. पहिलं पट्टीचं. जुन्या काळी सूर आजच्यापेक्षा अर्ध्या सुरानं खाली लावत, म्हणून मंडळीही तिथंच लावते. हे प्रवचन गावात खाटकापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. दुसरं वेड थंडीचं. हीटर लागला की आतड्याच्या तारा सैल पडतात, म्हणून चर्च गार हवं.

चर्चची व्यवस्था बघणारी फ्रौके यंदा ऐकेना. "मीडेमासाहेब, गेल्या वर्षी दोन म्हाताऱ्या शेवटाला उठेचनात. मला वाटलं, गेल्या. नुसत्या गारठल्या होत्या."

"त्यांना घोंगड्या द्या."

"तुमच्या वाद्याला द्या की. मी हीटर लावणार."

एरवी गोस्सेनं आठवडाभर वाद घातला असता. पण यंदा त्याचा जीव दुसरीकडेच टांगला होता. मंडळीचा अध्यक्ष ताको, गावातल्या चीजच्या दुकानाचा मालक, पंधरा दिवसांपूर्वी घरी येऊन गेला होता. सोबत चीजचा मोठा तुकडा होता, तेव्हाच गोस्सेला शंका यायला हवी होती.

"हेग शहरात एक मुलगी आहे," ताको म्हणाला. "गांबा शिकलीये. फार सुंदर वाजवते म्हणे. पुढच्या वर्षी तिला बोलवावं असं काही जणांचं म्हणणं आहे. यंदा तुझं ऐकू आणि ठरवू."

गोस्से "बरं" म्हणाला. पूल तर केव्हाच कॅमेऱ्यावर गेला होता. दूर कुठंतरी बसून कुणीतरी बटण दाबायचं. ही साडेसहा मिनिटंही गेली, तर उरलेल्या वर्षाला धरायचं तरी कुठून, हे त्याला कळेना.

रविवार उजाडला. चर्च बेकरीसारखं उबदार झालेलं. पावणेदोन तास बसल्यावर गोस्सेनं कान वाद्याला लावून अंगठ्यानं एक तार हळूच छेडली. सैल. दुसरी, तीही सैल. फ्रौके दाराशी उभी राहून प्रेमानं हीटरकडे बघत होती.

समूहगान जोरात सुरू झालं, तशी त्यानं गांबा उचलली आणि मागच्या खोलीत सटकला. खिशात हात घातला, तर सूर देणारा लोखंडी चिमटा दुसऱ्या कोटात राहिलेला. खोलीत रविवारच्या शाळेतल्या पोरांचं जुनं हार्मोनियम होतं. त्यानं भाता मारून एक पट्टी दाबली आणि त्याचा चेहराच पडला. तारा अर्ध्या सुराहून जास्त खाली. हे फ्रौकेचे प्रताप, असं पुटपुटत त्यानं सातही खुंट्या पिळल्या. सगळ्यात बारीक तार कुरकुरली, पण तगली.

परत येऊन बसला. त्याच्या गाण्याला तीन मिनिटं उरली होती. खात्रीसाठी एक तार छेडली, आणि रेन्स्केची मान वळली.

"कशावर लावलीस रे?" ती ओठ न हलवता म्हणाली. दवाखान्यात शिकलेली कला.

"हार्मोनियमवर. फ्रौकेनं पार वाट लावली होती."

"हार्मोनियम कुठल्या काळातलं?"

"पोरांचं आहे. आजच्या–" गोस्से थांबला. त्याचा रंग चीजसारखा झाला. तीस वर्षं सगळ्या गावाला जे शिकवलं, तेच तो विसरला होता. हीटरनं तारा जेमतेम सैल केल्या होत्या, बाकी अर्धा सूर पट्टीचा होता. "रेन्स्के, मेलो मी. सात तारा आता उतरवायच्या कशा? उतरवल्या तरी सुरात टिकायच्या नाहीत."

"मर, पण गप्प मर. तुझ्या गाण्यात कोण कोण आहे?"

"तू, मी आणि गाणारा डाउवे."

"मग झालं." तिच्या ऑर्गनला पट्टी बदलायची सोय होती. कडेचा लाकडी ठोकळा काढायचा, अख्खी पट्ट्यांची रांग एक घर सरकवायची, ठोकळा दुसऱ्या बाजूला बसवायचा. आधीच्या गाण्यात बासऱ्या वाजत असताना तिनं ते केलं. नेमका तेव्हाच पहिल्या रांगेतल्या ताकोला खोकला आला आणि ठोकळ्याचा आवाज त्यात बुडाला, देव त्याचं भलं करो.

"आणि डाउवे?" गोस्सेनं विचारलं.

"लग्नाला चाळीस वर्षं झालीत त्याच्या. कुणी सूर धरला की निमूट मागे जायची सवय आहे त्याला."

डाउवे उभा राहिला. भारदस्त, खर्जातला माणूस. रेन्स्केनं सूर दिला, गोस्सेनं गज टेकवला. डाउवेच्या भुवया क्षणभर वर गेल्या, मग आवाजही वर गेला. सगळं गाणं अर्ध्या सुरानं वर चढलं. बारीक तार तुटेल या धास्तीनं गोस्से तिला असा जपून वाजवत होता, की पेपरमिंटचा एक कागद चुरगळला नाही. साडेसहा मिनिटं संपली. रेन्स्केनं रांग परत सरकवली आणि बाकीची मंडळी आपल्या जुन्या पट्टीत पुढे गेली.

नंतर मागच्या खोलीत कॉफी आणि साखरपाव होता. ताको दोन्ही हात पसरून आला. "गोस्से, असला उजळ सूर मी तुझ्याकडून कधी ऐकला नव्हता. हेगच्या पोरीचं राहू दे. पुढच्या वर्षी तूच."

रेन्स्केनं साखरपाव तोंडात घालून छताकडे बघितलं. हातची संधी, गप्प बसायची. पण गोस्सेला ते जमेना.

"उजळ नव्हता, ताको. चूक होती," त्यानं सांगितलं. "अर्ध्या सुरानं वर होतो. आजच्या पट्टीत. रेन्स्केनं सावरलं."

मंडळीतल्या बाकीच्या चौदा जणांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, हे चौदाही जणांच्या एकदम लक्षात आलं.

डाउवेनं खुर्चीत बसकण मारली. "देवा रे. मला वाटलं, वय झालं माझं. गाताना मनात राजीनामा लिहीत होतो मी."

ताकोनं स्वतःला कॉफी ओतून घेतली. तीस वर्षं पट्टीवरून प्रवचनं ऐकलेला माणूस तो. "बरं," तो म्हणाला, "गांबा तूच वाजव. पण यापुढे पट्टीबद्दल तू एक शब्दही बोलायचा नाहीस. रेन्स्के बोलेल."

गोस्सेनं मान डोलावली. पहिला शब्द रेन्स्केनं तिथंच, साखरपाव गिळायच्या आत काढला, आणि भिंतीपलीकडून तो अजून चालू आहे.