तिसरी पेनल्टी

माझ्या नाकातून रक्त आलं आणि सर म्हणाले, "आधी बॉल पूस."

मी टी-शर्टने पुसला. नववीत होते. शाळेचं मैदान, हँडबॉलची प्रॅक्टिस, समोर ऋतुजा. संस्थेच्या अध्यक्षांची मुलगी. तिने बॉल सरळ माझ्या तोंडावर मारला होता. चुकून नाही. गोलकीपरला वॉर्मअप देताना आधी हातांवर मारतात, मग पायांकडे, जोर हळूहळू वाढवतात. तोंडावर कुणी मारत नाही. ही या खेळातली रीत आहे. ऋतुजाने ती फक्त माझ्यापुरती मोडली.

"वांगं झालं पाह्य तिच्या नाकाचं!" ती ओरडली. "कायले रडून राह्यली वं भाजीवाले?"

वर्गात तिच्या तोंडी इंग्रजीच असायचं. मराठी बोललं की आमच्या शाळेत दंड. अपमान करायला मात्र तिला वऱ्हाडीच लागायची.

कामरगावजवळ आमची थोडी बागायत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. आई बाजारात बसते. आठवीपर्यंत मी आरटीईच्या मोफत सीटवर शिकले. नववीत फी माफ झाली ती एकाच अटीवर. गोलमध्ये उभं राहायचं. दुसरी कोणतीच मुलगी तिथे उभी राहायला तयार नव्हती. मी नाही म्हटलं की शाळा सुटली. हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं. ऋतुजाला सगळ्यात जास्त माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. अध्यक्षांच्या केबिनबाहेर चप्पल काढून आत गेली. चप्पल काढायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा राग मला अजून येतो.

"साहेब, पोरीचं नाक फुटलं. जरा सांगा ना तुमच्या ताईले."

अध्यक्षांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "बाई, गोलकीपर म्हणजे भिंत. भिंतीले दुखते काय? फुकटात शिकून राह्यली, सोसू द्या थोडं."

सर बाजूला उभे होते. ते हसले. मग आईही हसली. भीतीने.

त्या दिवसापासून मी ऋतुजाला बघायला लागले. मी कमी बोलते. बघायला बोलावं लागत नाही. ती उजवीकडे मारणार असेल तर तिचा डावा खांदा आधी पडतो. फसवायचं असेल तर ती ओठ चावते. आणि लागोपाठ दोन बॉल अडवले की तिसरा तोंडावरच येतो. दरवेळी. तिला कुणी अडवलेलं सहन होत नाही. राग आला की तिचा हात तिच्या ताब्यात राहत नाही.

बारावीनंतर मी बाहेर पडले. आधी अमरावती, मग राज्याबाहेरच्या एका संघाचा करार. आज माझं पोट हँडबॉलवर चालतं. तिथल्या कॅम्पमध्ये एका पंच बाईंनी नियम समजावला. सात मीटरच्या पेनल्टीत गोलकीपर स्थिर उभी असेल आणि बॉल तिच्या तोंडावर लागला, तर मारणारीला थेट लाल कार्ड. गोलकीपरनेच डोकं बॉलकडे नेलं असेल, तर नाही. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मला गरज नव्हती.

मागच्या हिवाळ्यात राष्ट्रीय कॅम्पसाठी निवडीचे सामने झाले. ऋतुजा समोरच्या संघात. निवड समिती खुर्च्या टाकून बसलेली. तिची पहिली पेनल्टी मी पायाने अडवली. दुसरी हाताने. मग तिच्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दम संपला काय वं?"

तिसरी पेनल्टी. शिट्टी वाजली. तिचा खांदा पडला नाही. ओठ चावला नाही. मला कळलं. अशा वेळी कुणाचंही अंग आपोआप बाजूला होतं. मी माझं होऊ दिलं नाही. हात पसरलेले, मान ताठ, डोळे उघडे.

दात ओठात घुसला. पंचांनी खिशातून लाल कार्ड काढलं.

"मुद्दाम उभी राह्यली ते! मुद्दाम!" ऋतुजा किंचाळत होती.

बरोबर होतं तिचं.

कॅम्पच्या यादीत माझं नाव आलं. तिचं नाही.

सुटीत घरी आले तेव्हा आईजवळ बाजारात बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. शाळेतले खेळाचे सर आले. हातात पेढ्यांचा पुडा. तो त्यांनी मेथीवर ठेवला.

"बेटा, शाळेनं सत्कार ठेवला तुहा. मोठा. फक्त एक काम कर. समितीतल्या मॅडमले फोन लाव. म्हण, माह्यं डोकं जरा बॉलकडं गेलं होतं. पोरीचं नाव राखीवमदी तरी येईन. साहेबाचा निरोप आहे."

आई उठली. पदर सावरला. मला वाटलं, आता ही पुन्हा तशीच हसणार.

"सर, गिऱ्हाईक खोळंबून राह्यलं," आई म्हणाली. "बाजूले सरा."

मी पुडा उचलून सरांच्या हातात परत दिला. "मी हलले नव्हते, सर. कुणीही विचारलं तरी हेच सांगणार." मी पुढची जुडी बांधायला घेतली.

आता लोक मला शिकवतात. झालं गेलं सोड, म्हणतात. तू आता मोठी खेळाडू आहेस, माफ कर. मी माफ करण्यासाठी मोठी झालेली नाही.

ऋतुजा पुन्हा निवडीला येणार आहे. तिच्याकडे वडील आहेत, ओळखी आहेत. यावं तिने. मी रोज सकाळी तिच्यासाठी घाम गाळते. या वेळी लाल कार्ड मिळवून तिला लवकर सुटू देणार नाही. शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळू देईन, तिच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत. आणि तिचा एकही बॉल आत जाऊ देणार नाही.