क्रेगीबर्नमधलं तरस

महामारीत देशांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा सासूबाई क्रेगीबर्नला आमच्याकडे होत्या. थोडे दिवस राहायला आल्या आणि अडकल्या. सासरे पुण्यात एकटेच. तिसरी खोली सासूबाईंना दिली, आणि तिथल्या कपाटातलं तरसाचं डोकं गॅरेजमध्ये गेलं.

डोकं माझ्या नवऱ्याचं. तो प्रोग्रॅमर. पुण्यात एका प्रोजेक्टसाठी स्पॅनिश शिकला आणि त्या भाषेतल्या फरी मंडळींत रमला. ही माणसं प्राण्याच्या रूपात स्वतःचं एक पात्र रचतात, त्याची चित्रं काढतात. काही जण फोम आणि खोट्या फरचा पोशाखही घालतात. मेक्सिको, चिली, अर्जेंटिनातल्या अशा लोकांची वेबसाइट तो हौसेने सांभाळायचा. मेळावे रद्द झाल्यावर त्यानेच व्हिडिओवर भेटायची सोय केली. त्यांची शुक्रवार संध्याकाळ, आमची शनिवार सकाळ. त्यांचा रिवाज असा, की डोकं घातलं की बोलायचं नाही आणि सगळ्यांसमोर ते काढायचंही नाही.

आईला यातलं काही कळू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "ती हसेल," तो मला म्हणाला होता. "किंवा हसणार नाही. ते जास्त वाईट."

एका शनिवारी सासूबाई चहा घेऊन थेट गॅरेजमध्ये गेल्या. मी मागोमाग पोचले. त्याने कॅमेरा बंद करायला हात नेला, पण हातात पंजे होते. एका जाड बोटाखाली तीन-चार कीज एकदम दाबल्या जात होत्या. स्क्रीनवर लांडगे, ससे आणि एक हिरवा ड्रॅगन. सगळे थबकले होते.

"अरे, आत तूच आहेस ना?" सासूबाईंनी विचारलं.

तरसाने मान हलवली.

त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिलं. ड्रॅगनने हात हलवला, मग बाकीच्यांनी. सासूबाईंनी नमस्कार केला. एकेका चौकटीत पंजे जुळत गेले. मग त्या घरात गेल्या, टेबलफॅन घेऊन आल्या, तो तरसाच्या तोंडावर लावला आणि दार लोटून निघून गेल्या.

जेवताना तो बराच वेळ वरणभात नुसता कालवत राहिला.

"आई, ते माझे मित्र आहेत."

"दिसलं की."

"बाबांना नको सांगूस."

"मघाशीच सांगितलं."

घास हातातच राहिला. "काय म्हणाले?"

"कोल्हा की कुत्रा, विचारत होते. मला कुठे ठाऊक?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

"तरस," तो म्हणाला.

"बरं. तसं सांगते." सासूबाईंनी डाव्या हाताने फोन जवळ ओढला.

"थांब," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. "मीच सांगतो."